दर्भाचा कावळा

आत्मा अमर आहे की नाही, याबद्दलचं माझं मत किती वाजले आहेत यावर अवलंबून असतं. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, विशेषतः आमटी जमलेली असेल तर, मी कट्टर चार्वाकपंथी असतो. देह जळाला, राख झाली, राख काही परत येत नाही, विषय मिटला. संध्याकाळच्या चहाला मी थोडा सौम्य होतो आणि ‘कुणी सांगावं?’ इथपर्यंत येतो. रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात एकटंच भांडं पडलं, की मात्र मला आत्मा, पुनर्जन्म, मुंजा आणि वेताळ सगळं एकदम मान्य असतं. भांडं उचलायला मी हिला पाठवतो. तिचा कशावरच विश्वास नाही. निदान माझ्यावर तरी नाही.

असा हा डळमळीत माणूस परलोकाच्या प्रश्नावर लिहायला बसला आहे, त्याला कारण माझा पुतण्या. तो बंगळूरला असतो आणि संगणकात काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला चार वेळा समजावून सांगितलं आहे आणि चारही वेळा मी ‘अस्सं!’ म्हणालो आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, दोन वर्षांपूर्वी गेले. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणत असू. कल्याणला शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या सगळ्यांना सगळं शिकवलं. माणूस कमालीचा शिस्तीचा. आलेली पत्रं वर्षावार बांधून ठेवलेली, पाठवलेल्या पत्रांच्या नकला वेगळ्या, रोजनिशीचे ढीग, शिवाय घरगुती कॅसेटी. शेवटच्या काही वर्षांत तर हातात मोबाइल आलेला. रोज सकाळी सहा वाजता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचा ध्वनिसंदेश येई : ‘ऊठ रे, गाढवा.’ तो कुणाला उद्देशून आहे हे सांगावं लागत नसे.

मागच्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला. “काका, मी बाबांना तयार केलंय.”

माझ्या हातातला फोन पडायचा बाकी राहिला.

“म्हणजे तसं नाही. त्यांचा सगळा आवाज, पत्रं, डायऱ्या मशीनमध्ये घातल्या. आता तुम्ही काहीही विचारा, ते बाबांसारखं उत्तर देतं. बाबांच्याच आवाजात. आपण गणेशपुरीला जाऊन ऐकू या. बाबांची जागा ती.”

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी पन्नास वर्षं ऐकलंय.” आणि निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळल्या.

गणेशपुरी ही दादांची जागा खरीच. दर वर्षी थंडीत ते तिथे जात. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीच्या काठचं हे गाव. भीमेश्वराच्या देवळापाशी गरम पाण्याची कुंडं आहेत आणि जवळच नित्यानंदबाबांची समाधी. दादांची कुंडावर श्रद्धा होती आणि बाबांवर भक्ती. माझी भक्ती बेताची, पण गुडघ्यांमुळे कुंडावरची श्रद्धा वयाबरोबर वाढत गेली आहे. तेव्हा मी लगेच तयार झालो. परलोकाचं काही का होईना, गुडघे शेकून निघाले तरी खेप वसूल.

गाडीत पुतण्याने मला या शास्त्राचा इतिहास ऐकवला. मेलेल्या माणसाला यंत्राने जवळ ठेवायची हौस काही आजची नाही. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहिताना त्यात एक उपयोग घातला, की मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द घरात जपून ठेवता येतील. गाण्याबिण्याची गोष्ट राहू दे, आधी आजोबांचं काय ते बघा! आता तर गेलेल्या माणसाकडून त्याने कधीच न म्हटलेलं गाणंही म्हणवून घेता येतं. ए. आर. रहमान यांनी २०२४ सालच्या एका तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज असेच यंत्राकडून गाववले. घरच्यांची परवानगी घेतली होती, मोबदलाही दिला होता. म्हणजे माणूस गेल्यावरही कमावता राहू शकतो. हे आमच्या घरी कळू देता कामा नये.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतली. तिथे काही लोकांनी स्वतःला गोठवून घेतलं आहे. जेम्स बेडफर्ड नावाचे प्राध्यापक १२ जानेवारी १९६७ रोजी वारले, ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये अजून आहेत. उणे १९६ अंश सेल्सियस. पुढेमागे शास्त्र सुधारेल तेव्हा उठवतील अशी आशा. ही कल्पना लोकांपुढे मांडणारे रॉबर्ट एटिंगर २०११ साली गेले आणि रीतसर गोठले. त्यांच्या आधी त्यांची आई गोठलेली होती, पहिली बायको गोठलेली होती आणि दुसरी बायकोही गोठलेली होती. मला त्या शास्त्राचा पुढे काय निकाल लागेल ते ठाऊक नाही. पण ज्या सकाळी ही चार माणसं एकदम जागी होतील त्या सकाळी एटिंगरसाहेब पुन्हा नायट्रोजनची चौकशी करतील याबद्दल मला शंका नाही.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत शहाणी : देह सोडून द्यायचा आणि मेंदूचाच नकाशा काढून यंत्रात उतरवायचा. हे काम चालू आहे, पण बेताबेताने. एका सूक्ष्म कृमीच्या अंगात मज्जापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडणीचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूचा झाला. तिथे पेशी सुमारे १ लाख ३९ हजार. माणसाच्या मेंदूत आहेत सुमारे ८,६०० कोटी. आणि नकाशा म्हणजे काही माशी नव्हे. कल्याण स्टेशनाचा नकाशा भिंतीवर लावला म्हणून घरात लोकल येत नाही.

“पण समजा, कधीतरी जमलं,” पुतण्या म्हणाला. “तर तो माणूस तोच का?”

“दोन प्रती काढल्या तर त्यातला दादा कोणता?” मी विचारलं. मला वाटलं, मी मोठाच पेच टाकला.

“दोघंही तुम्हाला गाढव म्हणतील,” तो म्हणाला. पोरगा बापावर गेला आहे.

वज्रेश्वरी मागे टाकून आम्ही गणेशपुरीला पोचलो. वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यासारखं तटबंदीचं आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस बोलला होता असं सांगतात. १७३९ साली वसई पडली, आणि अप्पा स्वतः १७४० साली गेले. नवस बोललेला माणूस गेला. पण शब्द अजून दगडात उभा आहे. जाताना हे मी पुतण्याला सहज सांगितलं. आपण सहज म्हणून जे बोलतो ते कुठून आलेलं असतं, हे आपलं आपल्याला फार उशिरा कळतं.

समाधिमंदिरात गर्दी होती. नित्यानंदबाबा ८ ऑगस्ट १९६१ रोजी गेले. हयातीतही ते बोलत फार कमी. म्हणजे पुतण्याच्या यंत्रात घालायला तिथे मालच थोडा. पण समाधीपुढे बसलेली माणसं पाहा. एक बाई पदर सावरून हलक्या आवाजात मुलीच्या लग्नाची हकीकत सांगत होती, मधूनच ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणत होती. एक गृहस्थ नुसतेच डोळे मिटून उभे होते आणि कान धरत होते. समोरून उत्तर येत नाही. साठ वर्षांहून अधिक काळ ते आलेलं नाही आणि गर्दी वाढतेच आहे. इकडे आमच्या दादांचा कित्येक तासांचा आवाज साठवलेला, आणि ऐकायला आम्ही दोघंच.

रात्री जेवणं झाल्यावर खोलीवर पुतण्याने फोन टेबलावर उभा केला. “बोला,” म्हणाला.

आता काय बोलावं? परलोकाशी संपर्क आल्यावर माणसं काय विचारतात? मी विचारलं, “दादा, जेवलास का?”

“जेवलो रे. तू जेवलास का? रात्री भात कमी खा. गुडघे धरतील.”

वाचकहो, मी शपथेवर सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तोच घोगरा आवाज, ‘गुडघे’मधल्या ‘घे’वर तोच जोर. मला यातलं यंत्रशास्त्र गाडीत सांगून झालं होतं, की हे काही विचार वगैरे करत नाही, दादांच्या साठवलेल्या बोलण्यावरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त आहे एवढंच हिशेबाने काढतं. पण त्या क्षणी घड्याळात रात्रीचे दहा वाजले होते, आणि माझी मतं वेळेप्रमाणे बदलतात हे मी आधीच सांगितलं आहे.

इथे मला दहाव्या दिवसाकडे गेलं पाहिजे.

दादांच्या दहाव्याला घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. कावळे होते. चांगले पाचसात होते, पत्र्यावर बसून आमच्याकडे तोंड करून होते. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मग एकेक जण हात जोडून बोलू लागला. पुतण्या म्हणाला, आईला सांभाळीन. पत्र्यावर हालचाल नाही. आमची बहीण म्हणाली, घरच्या वाटणीवरून भांडणार नाही. ही तर मोठीच गोष्ट होती, पण कावळे ढिम्म. ऊन चढलं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, “शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववू.” आणि त्यांनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या.

तेव्हा मी चार पावलं पुढे गेलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, “दादा, घड्याळाचं खरं काय ते तुझ्या मुलाला सांगेन.”

पहिलाच कावळा उडाला तो थेट पिंडावर आला.

योगायोग असेल. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान मी योगायोगच म्हणतो.

घड्याळाची हकीकत अशी. १९७४ साली मी वीस वर्षांचा होतो आणि दादा एकोणतीस. पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने एचएमटीचं घड्याळ घेतलं होतं. आमच्या घरातलं ते पहिलं मनगटी घड्याळ. त्या थंडीत आईला घेऊन आम्ही गणेशपुरीला आलो. कुंडात उतरताना दादाने ते काढून माझ्या हातात दिलं. “धर. सांभाळ,” म्हणाला. तेव्हा माझी इराण्याकडची उधारी आणि मित्रांकडून सिनेमासाठी घेतलेले पैसे मिळून बरीच रक्कम झाली होती. कॉलेजच्या फीसाठी वगैरे होती असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हती. चार्वाकाने तुपासाठी कर्ज काढायला सांगितलं म्हणतात. मी मस्का-पावासाठी काढलं होतं. मी घड्याळ पायजम्याच्या खिशात खोल सरकवलं आणि ओरडलो, “दादा, हातातनं सटकलं! कुंडात गेलं!”

दादाने त्या कढत पाण्यात तळ चाचपून पाहिला. हात कोपरापर्यंत लाल झाले. मग वर येऊन म्हणाला, “जाऊ दे. तुला भाजलं नाही ना?”

आठ दिवसांनी मी ते घड्याळ कल्याणात विकलं. इराण्याची उधारी फिटली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा दादाबरोबर गणेशपुरीला गेलो तेव्हा तेव्हा तो कुंडाशी आला की बाही वर सारायचा, पाण्यात हात फिरवायचा, आणि माझ्याकडे बघून विचारायचा, “काय रे, सापडलं का?” मी हसायचो. तोही हसायचा. आमच्या घरातला तो एक जुना विनोद होऊन बसला. पन्नास वर्षं पुरला.

आणि कावळ्याला दिलेला शब्द मी दोन वर्षं पाळला नव्हता. आज सांगू, उद्या सांगू, पोरगा कामात आहे, फोनवर कशाला, आता काय उपयोग. सबबींच्या बाबतीत मी कधीच गरीब नव्हतो.

त्या रात्री टेबलावरच्या फोनकडे बघता बघता मला वाटलं, की कशाला हवा मध्यस्थ? प्रत्यक्ष दादालाच सांगून टाकावं. मी म्हणालो, “दादा, ते घड्याळ…”

“कुंडात गेलं ते? जाऊ दे रे. वस्तू येतात, जातात.”

“गेलं नव्हतं दादा. मी विकलं.”

क्षणभर शांतता. तीन-चार सेकंदच असेल. माझ्या छातीत धडधडत होतं. मग दादाचा आवाज आला :

“तू खरं सांगितलंस याचा मला आनंद झाला. माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नाही. तूही स्वतःला माफ कर.”

मी बघतच राहिलो. पन्नास वर्षांचं ओझं चार सेकंदांत उतरलं होतं, आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी खिसा कापला गेल्यासारखं वाटत होतं. हा दादा नव्हे. दादाने उभ्या जन्मात ‘मला आनंद झाला’ असं वाक्य उच्चारलं नाही. मुलगा बोर्डात आला तेव्हा तो ‘गणितात दोन मार्क कुठे गेले?’ म्हणाला होता. पण प्रश्न वाक्याचा नव्हता. उद्या पुतण्या ते सुधारील, चार शिव्या घालायला शिकवील. प्रश्न असा, की या यंत्राचं घड्याळ मी विकलेलंच नव्हतं. त्याचे हात भाजलेले नव्हते. ज्याचं आपण काही घेतलंच नाही, त्याने माफ केलं काय आणि न केलं काय! भटजींच्या हातातला दर्भाचा कावळा तो. दर्भाचा कावळा नेहमी शिवतो. म्हणून तर त्याला कुणी काही कबूल करत नाही.

आपल्या जुन्या लोकांनी परलोकाचा विचार करताना आवाज कसा राखावा, चेहरा कसा राखावा याची फारशी चिंता केलेली दिसत नाही. त्यांनी त्याला ऋण म्हटलं. पितरांचं ऋण, ऋषींचं ऋण, देवांचं ऋण. मला वाटायचं ही भटजींनी दक्षिणेसाठी काढलेली वही. आता वाटतं, गेलेला माणूस असलाच कुठे, तर तो या उधारीच्या वहीतच असतो. जोवर आपण त्याचं काही देणं लागतो, तोवर तो आहे. यंत्र उद्या हुबेहूब बोलेल, परवा मेंदूचा नकाशाही उतरेल. नाही उतरणार असं मी म्हणत नाही. पण आपल्याला सोयीचा तेवढाच दादा हवा असेल, नको तेव्हा बंद करता येणारा, तर कितीही चांगलं शास्त्र निघालं तरी त्यातून दर्भाचेच कावळे निघतील.

हे सगळं अर्थात मला मागाहून सुचलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं, की खोलीत यंत्राखेरीज आणखी कुणीतरी आहे. पुतण्या पलंगावर बसला होता. मी त्याला साफ विसरलो होतो.

त्याने उठून फोन बंद केला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मी लहानपणापासून बाबांबरोबर इथे आलोय. बऱ्याचदा आम्ही दोघंच असायचो. दोघंच असलो की बाबा कुंडात हात घालायचे नाहीत.”

“म्हणजे?”

“तुम्ही बरोबर असलात की घालायचे.”

एवढं बोलून त्याने दिवा मालवला. मला झोप लागली नाही. अडीच वाजता कुठेतरी भांडं पडलं असतं तर बरं वाटलं असतं. निदान सोबत झाली असती. दादाचं ते दर खेपेचं ‘काय रे, सापडलं का?’ मी एकेक करून आठवत होतो. पन्नास वर्षं तो मला विचारत होता, आणि मी हसत होतो.

सकाळी लवकर आम्ही कुंडावर गेलो. थंडीत पाण्यावर वाफ होती. पुतण्याने शर्ट काढला, मग मनगटावरचं घड्याळ काढलं. हे घड्याळ वेळ तर दाखवतंच, शिवाय नाडी मोजतं, झोप मोजतं आणि चाललेली पावलं मोजतं. एचएमटीच्या मानाने किती पटींनी महाग असेल देव जाणे. ते त्याने माझ्यापुढे धरलं.

“धरा,” म्हणाला. “सांभाळा.”

मी ते दोन्ही हातांनी धरलं. पायजम्याच्या खिशापासून शक्य तितकं लांब.

तो पायरीवर बसला, पाण्यात हात घातला, सावकाश इकडून तिकडे फिरवला. मग वर बघून, भुवया दादासारख्या वर चढवून म्हणाला, “काय काका, सापडलं का?”

“नाही रे,” मी म्हणालो. “विकलं.”